बहिऱ्या बाईसाठी रॅम्प

माझे कान गेले ते लहानपणीच्या तापात. पण लोक काय बोलतात ते मला कळेनासं झालं ते सरकारी नोकरीला लागल्यावर, आणि त्यात कानांचा दोष फार थोडा होता. दोष तंबाखूचा होता.

आधी कानांचं सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. मी तेरखेड्याकडची. गाव सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा उजळतो. "असं व्हय! म्हणजे फटाक्यानं गेले कान!" आमच्याकडं फटाक्यांचे कारखाने आहेत, त्यामुळं तिकडच्या माणसानं बहिरं व्हायचंच असेल तर फटाक्यानंच व्हावं, असा साऱ्या जिल्ह्याचा आग्रह दिसतो. मी तापाचं सांगितलं की माणूस हिरमुसतो. आपली फसवणूक झाल्यासारखा बघतो. पहिली काही वर्षं मी प्रत्येकाला ताप समजावून सांगत बसले. मग कंटाळा आला. आता कुणी विचारलं की सांगते, सुतळी बाँब. "लई मोठा होता का?" "लई." माणूस समाधानानं जातो, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतो.

उजव्या कानाला काहीच येत नाही. डाव्यात मशीन आहे, पण त्या मशीनला माणसापेक्षा पंख्याचं प्रेम जास्त. पंखा, जनरेटर, बाहेरच्या जीपचा हॉर्न, हे सगळं ते मला मोठ्या आवाजात आणून देतं आणि माणसाचं बोलणं मधल्या मधे सांडतं. म्हणून मी ओठ बघून ऐकते. ही विद्या मला आईनं शिकवली. तिनं काही त्याचा कोर्स केला नव्हता. तिला एक गोष्ट दोनदा सांगायचा राग होता, एवढंच. ती दारात उजेडाकडं तोंड करून बसायची, माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडं वळवायची आणि म्हणायची, "तोंडाकडं बघ. म्या परत सांगणार न्हाय." आणि खरंच सांगायची नाही. भूक लागली असेल, खेळायला जायचं असेल, तर पहिल्याच वेळी समजून घ्यावं लागायचं. निम्मं ओठांवरून, निम्मं डोळ्यांवरून आणि उरलेलं प्रसंगावरून. त्या जोरावर शाळा झाली, कॉलेज झालं, परीक्षा दिली आणि राखीव जागेवर कारकून म्हणून लागले.

आमची कचेरी जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी एका तालुक्याची. कोणत्या, ते सांगत नाही. बाकीच्या सातांनीही अंगाला लावून घ्यायला हरकत नाही.

कचेरीच्या दारावर पाटी आहे, "तंबाखूमुक्त कार्यालय". पाटी चांगली, निळ्या रंगाची, स्वच्छ अक्षरातली. तिच्या खालून आत गेलं की हजेरी होते आणि हजेरी झाली की दिवसाचं पहिलं काम तळहातावर सुरू होतं. चिमूटभर तंबाखू, बोटभर चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन टाळ्या मारून धूळ उडवायची, आणि मग आधी समोरच्यापुढं हात करायचा. दुसऱ्याला दिल्याशिवाय आपण खायची नाही, हा रिवाज. चहाला नाही म्हटलेलं चालतं, तंबाखूला नाही म्हटलं की माणूस मनाला लावून घेतो. तरुण मंडळींचं वेगळं असतं. त्यांची गुटख्याची पुडी राज्यात बंद आहे म्हणतात, पण आमच्या टपरीवाल्यापर्यंत तो हुकूम अजून पोचलेला नाही.

एकदा बार भरला की दुपारच्या जेवणापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. बोलतात मात्र भरपूर. ओठ मिटलेले, हनुवटी वर, नजर छताकडं, आणि नाकातून, घशातून काय निघायचं ते निघतं. ऐकणाऱ्यांना ते सगळं कळतं. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मला फक्त हनुवटीची खालची बाजू दिसते. इतक्या वर्षांत माझ्या सहकाऱ्यांच्या हनुवट्या खालून इतक्या बघितल्या आहेत की नुसत्या त्यांवरून मी माणूस ओळखेन. पण तो काय म्हणाला ते विचाराल तर बंद दुकानापुढं उभं राहून आत काय भाव चाललाय ते सांगण्यासारखं आहे.

वर्षातून एकदा तंबाखूविरोधी शपथ होते. सगळे अंगणात रांगेत उभे राहतात, साहेब शपथ वाचतात, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आता भरल्या तोंडानं "मी तंबाखूचे सेवन करणार नाही" हे वाक्य म्हणून बघा. ओठ उघडावे लागतात, आणि उघडले तर शपथेच्या कागदावर डाग पडतो. त्यामुळं अख्खी रांग हनुवट्या वर करून "उं उं" करते. स्पष्ट शब्दांत शपथ घेणारी मी एकटी. जिनं जन्मात तंबाखू खाल्ली नाही, ती बहिरी बाई दरवर्षी साऱ्या कचेरीच्या वतीनं तंबाखू सोडते.

समजलं नाही की मी विचारायची, "काय म्हणालात?" त्यावर उत्तर ठरलेलं. "काही न्हाय ताई, सोडा." कुणी वाईट भावनेनं म्हणायचं नाही. परत सांगायचं म्हणजे उठून बाहेर जाऊन तोंड मोकळं करून यायचं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी नुकताच भरलेला बार कोण वाया घालवेल? पण त्या "काही न्हाय"मध्ये कुणाची बदली असायची, कुणाच्या घरी बारसं असायचं, कधी नुसता विनोद असायचा. सगळे हसले की मीही हसायची, एक क्षण उशिरा.

माझ्याशी सगळे फार चांगले वागायचे. हे मी उपरोधानं म्हणत नाही. म्हणजे, म्हणते. मला आवक-जावकच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. टपाल यायचं, त्यावर शिक्का, नोंद, पुढं. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. उशिरा आले तर चालायचं, लवकर गेले तर उलट म्हणायचे, "जावा जावा ताई, कशाला थांबताव." माझ्या शेजारच्या खोलीत जे ज्येष्ठ कारकून होते, जळकोटकडचे, ज्यांना सारा तालुका भाऊसाहेब म्हणतो, ते तर लोकांना सांगायचे, "आमच्या ताई म्हंजे देवमाणूस. कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत." अध्यात-मध्यात असायला आधी काय चाललंय ते कळायला लागतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मला त्या चांगुलपणाचा वीट आला होता. घरी जाऊन मी भांडी आपटायची.

मग निराधार योजनेचं टेबल रिकामं होणार असं कळलं. तिथले कारकून निवृत्त होत होते. या टेबलावर दिवसभर माणसं येतात. विधवा, म्हातारी, अपंग, कुणाचा दाखला अडलाय, कुणाचं अनुदान थांबलंय. कटकटीचं काम म्हणून कुणाला ते नको असतं. मला हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं. मला माणसं हवी होती, आणि माणसांच्या कामाची जबाबदारी. मी साहेबांकडं जाऊन सरळ मागितलं.

साहेब भले गृहस्थ. मिशी भरघोस, त्यामुळं वरचा ओठ कायमचा रजेवर, आणि खालच्या ओठात बार. पण त्या दिवशी त्यांनी माझा मान राखून तोंड मोकळं केलं आणि म्हणाले, "मॅडम, तिथं लोकांशी बोलावं लागतं."

"म्हणूनच मागतेय," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "आधी तुमच्यासाठी काही सोयी करू. वरून आदेश आलाय, दिव्यांगांसाठी कार्यालयं सुगम्य करायची. तुम्हाला काय काय लागतं ते सांगा."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. पाहणी करायला जिल्ह्याहून मंडळी आली तेव्हा मी तयारीत होते. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. बैठकीत बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडू द्या, पाठीमागं खिडकी नको. एका वेळी एकानंच बोलावं. आणि बोलण्याआधी तोंड रिकामं करावं. पहिल्या दोन्हींना सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसरी ऐकल्यावर सगळे छताकडं बघायला लागले, अर्थात ते आधीपासून तिकडंच बघत होते. पाहणीच्या प्रमुखांनी खिशातली डबी चाचपली आणि लिहून घेतो असा हात केला. हे सगळं फुकटात होणारं होतं. सरकारी कामात तीच मोठी अडचण असते. जे फुकट होतं त्याचं उद्‌घाटन कसं करायचं?

दोनेक महिन्यांनी सकाळी कचेरीत आले तर माझ्या खोलीच्या दाराशी वाळू, सिमेंट आणि गवंडी.

मला रॅम्प मिळाला होता.

माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. मी लहानपणी बाभळीवर चढायची. पण दिव्यांग म्हणजे रॅम्प, हे एकदा ठरलं की ठरलं. आणि कचेरीत दिव्यांग कर्मचारी मी एकटी, म्हणून रॅम्प माझ्या दाराशी. मागच्या अंगानं सुरू होऊन तो थेट आवक-जावकच्या खोलीत यायचा आणि तिथंच संपायचा. कारण माझ्या खोलीतून पुढं जायच्या वाटेवर कपाटांची रांग होती. निराधारच्या टेबलाकडं येणारे कुबड्यांवरचे, तीनचाकीवरचे लोक पुढच्या दाराच्या पायऱ्यांपाशी तसेच अडकून उभे. त्यांच्यातला एखादा चौकशी करत मागून चढून आलाच, तर तो माझ्यासमोर यायचा, आणि माझ्याकडं त्याचं काहीच काम नसायचं. मी त्याचं ऐकून घ्यायची, पुढच्या खोलीत जाऊन त्याचा निरोप सांगायची, आणि तिथून हनुवटी वर करून जे उत्तर मिळायचं ते मला कळायचं नाही. एका दगडात दोन पक्षी म्हणतात, तसे एका रॅम्पमध्ये दोन अपंग अडकवले होते.

उद्‌घाटन माझ्याच हस्ते झालं. फीत, नारळ, सगळं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा रॅम्पवरून चढत या. सावकाश."

"का, सावकाश का?"

"फोटोत दिसलं पाहिजे ना."

"काय दिसलं पाहिजे? लंगडू का?"

तो ओशाळला, पण साहेबांनी पुढं येऊन समजूतदारपणे खूण केली, निदान कठड्याला तरी धरा. मी धरलं. त्या फोटोत मी एका पूर्णपणे निरोगी बाईसारखी, कठड्याला धरून, रागानं चढतेय. तो फोटो जिल्ह्याच्या अहवालात गेला म्हणे. रॅम्पचा पुढं उपयोग झाला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. उतारावर मोटारसायकली चढवून सावलीत लावता यायला लागल्या, आणि बाजूची नवी पांढरी भिंत थुंकायला इतकी सोयीची उंची होती की जुन्या कोपऱ्यात चिकटवलेल्या देवांच्या फरशांना जरा विश्रांती मिळाली.

आता सोय झाली, म्हटल्यावर साहेबांना नाही म्हणता येईना. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. जमलं तर टेबल माझं, नाही तर परत मागच्या खोलीत, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. मी कबूल केलं.

मी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून टेबलावर उभं केलं, "मला ऐकू कमी येते. माझ्याकडे बघून, तोंड रिकामे करून, एकेकाने बोलावे." पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. तोंडात मिसरी. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मागच्या बाईनं पाटी वाचून सांगितली. आजी म्हणाल्या, "आगं बया, मला काय म्हाईत!" आणि पिंपाकडं जाऊन खळाखळा चूळ भरून आल्या. मग टेबलावर वाकून त्यांनी माझ्यापुढं आ केला. "बघ, हाय का काय आता?" दातही नव्हते. मी म्हटलं, काही नाही आजी, सांगा. आणि त्यांनी सांगितलं, सावकाश, माझ्या तोंडाकडं बघत, आणि मला शब्द न् शब्द कळला. साहेबांच्या मंडळींना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते एका चुळीत झालं होतं. मला रडू आलं. आजींना वाटलं त्यांच्या हकिगतीनं आलं, आणि त्यांनी ती आणखी सविस्तर सांगितली.

काम जमायला लागलं. दात नसलेल्या ओठांचं वळण वेगळं असतं, ते शिकले. कानडी मुलखाकडून लग्न होऊन आलेली एक म्हातारी भांडणाच्या भरात कानडीत शिरायची, तेव्हा मी हात वर करून तिला थांबवायची. ते शेजारच्यांनाही कळत नसे, पण त्यांना कुणी बहिरं म्हणत नव्हतं. लोक रांगेत एकमेकांना सांगायचे, "चूळ भरून जा, त्या बाईला तसंच लागतं." जसं काही चप्पल काढून आत जावं, इतकं साधं.

घोटाळा झाला तो आतल्या बाजूनं. रोज सकाळी साहेबांच्या दालनात सगळे उभे राहून सूचना ऐकायचे. साहेबांच्या पाठीमागं मोठी खिडकी, त्यामुळं साहेबांचा चेहरा म्हणजे मिशीच्या आकाराचा अंधार. एके सकाळी त्यांनी बराच वेळ काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर मी भाऊसाहेबांना विचारलं, "काय सूचना होती?" त्यांनी नुकताच बार भरला होता. माझ्याकडं मायेनं बघितलं, हात हलवला, आणि ओठांच्या कोपऱ्यातून एवढंच कळलं, नेहमीचंच ताई, सोडा.

ते नेहमीचं नव्हतं. हयातीचे दाखले द्यायची शेवटची तारीख अलीकडं आणली होती. मी येईल त्याला जुनीच तारीख सांगत राहिले. मी सांगितलं म्हणून निवांत राहिलेल्या किती तरी बायांचं त्या महिन्याचं अनुदान थांबलं.

त्यातली एक विधवा आली. लांबच्या वस्तीवरची, पाय अधू, काठी टेकत पुढच्या पायऱ्या चढून. तिनं पाटीकडं बोट केलं आणि प्रत्येक शब्द माझ्या तोंडापुढं मांडला. "आमाला तोंड धुवून बोलाया लावलंस. आन् तूच बरूबर सांगितलं न्हाईस. आता म्या महिना काय खाऊ?"

मला सगळं कळलं. न कळलेलं बरं असतं अशी वेळही येते, ते त्या दिवशी समजलं. मी तिला माझी चूक नाही असं सांगू शकले असते, पण तिला ते काय करायचं होतं? मी तिच्याकडं बघून हात जोडले, आणि आतून संतापत तिची फाईल बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैठक बोलावली. विषय मला कुणी सांगितला नाही, पण सगळे माझ्याकडं बघत होते आणि दयेनं बघणारे डोळे वाचायला ओठ लागत नाहीत. दिवाळी अजून लांब होती आणि टेबल जायला निघालं होतं. साहेबांनी हनुवटी वर करून काही म्हटलं. भाऊसाहेबांनी हनुवटी वर करून काही म्हटलं. तिघे-चौघे एकदम बोलले. कुणीतरी मान हलवून खेद दाखवला. मी विचारलं, "काय चाललंय?" साहेबांनी तळहात दाखवला. थांबा, मग सांगतो.

मी उभी राहिले. "माझ्याबद्दल बोलताय ना? मग तोंड रिकामं करून बोला."

माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, लोकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज घ्यावा लागतो. त्या चेहऱ्यांवरून आवाज चांगलाच चढला असावा. दारात रांगेतल्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यांना बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. मी बसत नव्हते. शेवटी ते उठले आणि बाहेर गेले. त्यांच्या मागं भाऊसाहेब, त्यांच्या मागं एकेक करत सगळे. रॅम्पच्या कडेला ओळीनं उभे राहिले. बांधल्यापासून त्या रॅम्पवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. तेवढ्यात मी खिडकीचा पडदा ओढला, ट्यूब लावली आणि साहेबांची खुर्ची फिरवून ठेवली.

मंडळी मिशा पुसत परत आली. लख्ख उजेडात सगळ्यांचे ओठ. मी भाऊसाहेबांना म्हणाले, "बोला. मघाशी काय म्हणत होतात?"

ते खाली बघायला लागले. मी म्हटलं, माझ्याकडं बघून. मग त्यांनी सांगितलं.

"ताई, तुमी माणूस म्हणून लई चांगल्या हाव. तक्रार न्हाय. पण तुमाला कळत न्हाय. त्याच्यापायी गरिबाचं नुकसान हुतंय. तुमी मागच्या खोलीतच बऱ्या. तुमालाबी आराम."

एकही शब्द सुटला नाही. नोकरीला लागल्यापासून माझ्यामागं, माझ्यासमोर, माझ्या डोक्यावरून जे बोललं जात होतं, ते मला पहिल्यांदा सबंध मिळालं. थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण थोबाडीत मारणारा निदान समोर होता.

"मला कळत नाही का तुम्ही सांगत नाही?" मी म्हणाले. "तारखेचं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, कशाला तुमाला तरास."

"त्रास तुमच्या तोंडातल्या चिमटीला होता. नाव माझं घातलंत. चिमूट थुंकली असती तर त्या बाईचा महिना वाचला असता."

भाऊसाहेब पेटले. "म्हंजे म्या गरिबाचं वाटुळं केलं म्हनायचं का?"

"होय."

मग जे झालं ते भांडण. खरंखुरं, कचेरीतल्या कुणाही दोघांत होतं तसं. त्यांनी माझ्या रजा काढल्या, मी त्यांच्या काढल्या. त्यांनी मला आगाऊ म्हटलं. मी त्यांचं दुपारचं झोपणं बाहेर काढलं. ते म्हणाले, तुमाला डोक्यावर बसवून ठिवलं हीच चूक झाली. मी म्हणाले, डोक्यावर नाही, मागच्या खोलीत बसवलंत. दारातल्या बाया मधेमधे माझ्या बाजूनं बोलत होत्या, भाऊसाहेब त्यांनाही उत्तरं देत होते, आणि साहेब टेबलावर हात आपटून ओरडत होते, "एका वेळी एकानं बोला! एकानं!"

"हेच तर मी लिहून दिलं होतं, साहेब," मी म्हणाले.

साहेबांनी टेबलावरचा हात उचलला. मग पाण्याचा पेला संपवला आणि म्हणाले, "टेबल तुमच्याकडंच राहू द्या." त्यांच्या तोंडात काही नव्हतं, म्हणून मला ते तिथल्या तिथं, सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी कळलं. सूचना यापुढं फोनच्या ग्रुपवर टाईप करून टाकायच्या असंही ठरलं. बैठकीआधी चूळ भरायचा नियम झाला. त्याचे नव्याचे नऊ दिवस झाले, आणि आता मी आधी माझी पाटी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवते, तेव्हा मंडळी कुरकुरत उठतात. विधवेचा हुकलेला महिना पुढच्यात जोडून मिळाला. ती फाईल मी हातात धरून फिरवली. पुढच्या दाराला उतार कधी होणार ते मात्र कुणी सांगत नाही. आमचा रॅम्प झालेला आहे, असं कागदावर आहे.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊसाहेबांना नमस्कार केला. त्यांनी घेतला नाही. चहाला सगळे जमले तर ते माझ्याकडं पाठ करून उभे. दुपारी शिपाई बाईंनी येऊन मला हळूच सांगितलं, "भाऊसाहेबानं तुमच्यासंगं बोलायचं बंद केलंय म्हनं." मी बघितलं तर खरंच. समोरच्या टेबलाशी बसून, तोंडात काही नाही, ओठ घट्ट मिटलेले, आणि ते मिटलेले मला नीट दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडं. माणूस बहिऱ्या बाईशी अबोला धरून बसला होता, आणि तिला तो लागेल याची त्याला पक्की खात्री होती. मी काही काम नसताना त्यांच्यासमोरून गेले. त्यांनी फटकन तोंड फिरवलं. मी परत आले, पुन्हा फिरवलं. इतका मान मला त्या कचेरीत तोवर कुणी दिला नव्हता.